जुन्या डिझेल पिकअपला दम परत आणला, तोही एका टर्बोच्या पैशात

गाडी जुनी पिकअप. २.५ लिटर, चार सिलेंडर, टर्बो डिझेल, प्रीचेंबरवालं इंजिन (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं), डिझेलचा रोटरी पंप पूर्ण यांत्रिक, कंपनीकडूनच इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) नाही. नवीन असताना ८५ हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे साधारण ६२ किलोवॅट. तक्रार एकच, गाडी ओढत नाही. मालक ओळखीतला, त्याचं म्हणणं असं की रिकामी असताना चालते कशीबशी पण टनभर माल टाकला आणि चढ लागला की थर्ड सोडून सेकंड टाकावाच लागतो राव, आणि मागून काळा धूर असा की मागचे हॉर्न मारतात. उपायही त्याने आधीच ठरवलेला होता: मोठा टर्बो आणि एक चिप. बजेट मात्र एका नवीन टर्बोच्या किमतीएवढंच, त्याच्या वर एक दमडी नाही.

चिपचा विषय दोन मिनिटांत संपला. या पंपाला कॉम्प्युटरच नाही, डिझेल किती आणि कधी हे स्प्रिंग, वजनं आणि स्क्रू ठरवतात, तर चिप सांगणार कुणाला? असल्या इंजिनसाठी कुणी चिप विकत असेल तर तो डबा विकतोय. मोठ्या टर्बोचं जरा समजवावं लागलं. मोठा टर्बो उशिरा भरतो, वरच्या आरपीएमला ताकद देतो, खालून उलट गाडी आणखी मेल्यासारखी होते, आणि माल ओढणाऱ्या गाडीला ताकद लागते ती १८०० ते २८०० च्या मध्ये. शिवाय आहे तो टर्बो खराब आहे असं कुणी तपासलेलंच नव्हतं. शाफ्टला हाताने हलवून बघितलं, आडवा खेळ किंचित, पुढे-मागे अजिबात नाही, पाती घासलेली नाहीत, तेल फेकत नाही. टर्बो ठणठणीत.

मग आधी आकडा काढायचा ठरवलं, कारण "आता जरा बरी वाटते" ह्याला काही अर्थ नसतो, नुसतं एअर फिल्टर बदलल्यावरही मालकाला गाडी उडते असं वाटतं. गाडी वजनकाट्यावर नेली, ड्रायव्हरसकट १९०० किलो. सपाट रस्ता, इंजिन गरम, थर्ड गिअर, मोबाईलवर जीपीएसचा स्पीड, ४० ते ८० ला किती सेकंद, जाताना आणि येताना दोन्ही बाजूंनी म्हणजे वारा आणि उतार वजा होतो. आला आकडा २४ सेकंद. १९०० किलोला ४० वरून ८० ला नेण्यात साधारण ३५२ किलोज्यूल ऊर्जा लागते, २४ ने भागलं की १४.७ किलोवॅट, म्हणजे हवा आणि टायरचं घर्षण भागवून वेग वाढवायला हातात एवढंच उरतंय. ६२ च्या इंजिनाकडून हे फारच कमी.

ह्यातच एक गंमत सापडली. जीपीएस ८० दाखवत होतं तेव्हा मीटरवर ७० होते. खाली वाकून टायर वाचले तर २६५/७५ आर १५, आणि दरवाजावरच्या पट्टीवर लिहिलंय २१५/७० आर १५. गणित सोपं आहे, मूळ टायरचा व्यास ६८२ मिलिमीटर, ह्याचा ७७८, म्हणजे १४ टक्के मोठा. डिफरन्शियल (चाकांआधीची शेवटची गिअर जोडी) ४.१० चं आहे ते मोठ्या टायरमुळे ३.५९ असल्यासारखं वागतंय, चाकाशी मिळणारी ओढ १२ टक्के गेली आणि टायर जड ते वेगळंच. थर्डमध्ये ६० ला इंजिन २७०० च्या जवळ फिरायला हवं ते २३५० वर येतं, चढावर तिथून आणखी पडलं की टर्बो पण खाली येतो आणि मग सेकंडशिवाय पर्याय राहत नाही. मालकाने टायर दिसायला भारी म्हणून टाकलेले. गाडीचा दम कधीपासून कमी झाला विचारलं तर आठवून म्हणाला, "तेव्हापासूनच बहुतेक." बहुतेक!

टायरचं नंतर बघू म्हणून बॉनेट उघडलं. पहिली तपासणी फुकटची: एकाने आत बसून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर बघायचा. पेडल तळाला टेकलं तरी लिव्हर आणि फुल स्टॉपच्या स्क्रूमध्ये ६ मिलिमीटर जागा शिल्लक होती. खाली दोन मॅट एकावर एक, आणि केबलचं आवरण जिथे ब्रॅकेटमध्ये अडकतं ते ब्रॅकेट वाकलेलं. एक मॅट काढली, ब्रॅकेट सरळ केलं, केबलचं नट दोन आटे फिरवलं, लिव्हर टेकला. ही गाडी इतके दिवस पूर्ण रेस कधी घेतच नव्हती आणि हे आजवर एकाही मिस्त्रीने बघितलं नव्हतं. पैसे शून्य लागले.

त्यानंतर चाकं जॅकवर. मागचं डावं चाक हाताने फिरवताना घासत होतं, हँडब्रेकची केबल आवरणात गंजून परत येत नव्हती, ड्रम तर गाडी थोडी चालवून आणली की हात लावता येत नव्हता इतका तापायचा. केबल बदलली. मग फॅन. व्हिस्कस फॅनचा क्लच जाम, इंजिन थंड असो की गरम फॅन कायम विमानासारखा गरजत फिरतोय. फॅनला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाने वाढते, आरपीएम दुप्पट तर ताकद आठपट, त्यामुळे आयडलला काही जाणवत नाही आणि ३००० ला नुसता फॅनच दोन-तीन किलोवॅट खाऊन जातो. चांगला सेकंडहँड क्लच मिळाला. फॅन काढून टाकायचा सल्लाही एकाने दिला होता, तो ऐकू नका, ह्या जातीच्या इंजिनाचं हेड तापलं की तडकतं आणि मग बजेट वगैरे विसराच.

इंजिनाची तब्येत तपासल्याशिवाय पुढचा पैसा घालायचा नव्हता. आधी टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांमधली फट) बघितले, दोन एक्झॉस्टचे गॅप जवळपास गेलेले, फीलर गेज शिरेना. असं असलं की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन खोटं कमी दिसतं, म्हणून टॅपेट आधी आणि कॉम्प्रेशन नंतर, उलटं करू नका. कॉम्प्रेशन आलं २८, २७, २४, २७ बार. तिसरा जरा मागे आहे पण चालेल. सगळेच २० च्या खाली असते तर तिथेच हात वर केले असते, कारण अशा इंजिनात जास्त डिझेल आणि जास्त बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) घालणं म्हणजे ते लवकर उघडायची सोय करणं.

आता मुख्य विषय, काळा धूर. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण जाळायला हवा नाही. एक किलो डिझेल पूर्ण जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, पण डिझेल इंजिनात फवारा आणि हवा पूर्ण मिसळायला वेळच नसतो, त्यामुळे हवा १८ पटीच्या खाली आली की धूर दिसायला लागतो. म्हणजे धूर दिसला की दोन शक्यता, डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी येतेय. ह्या गाडीत दोन्ही होतं.

पंपाच्या मागच्या बाजूचा फुल लोडचा स्क्रू बघितला तर सील तुटलेलं आणि लॉकनटच्या कडा पान्याने खाल्लेल्या. कुणीतरी "पॉवर वाढवून देतो" म्हणून स्क्रू आत पिळलेला. नेहमीचा प्रकार आहे हा, पाच मिनिटांचं काम, मालक खूश, आणि खरंच थोडा फरक पडतोही. पण हवा नसताना डिझेल वाढवलं की ताकद थोडी आणि उष्णता जास्त. त्यामुळे स्क्रूला लगेच हात लावला नाही, आधी हवेचा बंदोबस्त.

एअर फिल्टर मातीने भरलेला, बदलला, ते ठीक. बूस्ट गेज मात्र लावलाच पाहिजे, स्वस्त असतो आणि त्याच्याशिवाय सगळा अंदाजच. इनटेक मॅनिफोल्डपासून (सिलेंडरांत हवा वाटणारा पाईप) पंपाच्या बूस्ट कॉम्पेन्सेटरला (बूस्टप्रमाणे डिझेल वाढवणारा भाग) जी बारीक नळी जाते तिच्यात टी टाकून गेज केबिनमध्ये घेतला. चढावर फुल रेसमध्ये ०.३५ बार. मॅन्युअलप्रमाणे ०.६ च्या आसपास यायला हवं. मग टर्बोच्या तोंडाशी बूच मारून कॉम्प्रेसरमधून अर्धा बार हवा भरली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी शिंपडलं. टर्बोपासून इनटेक मॅनिफोल्डला जाणाऱ्या रबरी एल्बोच्या पोटाखाली, क्लॅम्पच्या कडेला, जिथे वरून बघून काहीच दिसत नाही तिथे फेसाचा फुगा यायला लागला, आणि हात घालून एल्बो दाबला तर चीर बोटभर उघडली. गार इंजिनात बंद, गरम आणि दाबाखाली उघडी. अशा गाडीवर मोठा टर्बो बसवणं म्हणजे गळक्या घागरीत मोठ्या तांब्याने पाणी ओतणं.

दुसरी गळती एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटला, काजळीचा काळा पट्टा स्पष्ट दिसत होता. ही गळती लोक आवाजासाठी दुरुस्त करतात पण टर्बो ज्या गॅसवर फिरतो तोच इथून निसटतो. मॅनिफोल्ड काढावंच लागलं, तर तेवढ्यात टर्बोच्या आधी पायरोमीटरसाठी (एक्झॉस्टचं तापमान मोजणारा) भोक पाडून आटे घेतले. हे काम मॅनिफोल्ड बाहेर असतानाच करा, गाडीवर असताना ड्रिल मारून एक जरी कीस आत राहिला तर तो थेट टर्बोच्या पात्यांवर जाणार. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा) काजळीने अर्धवट उघडा राहिलेला, तो काढून साफ केला, आता पूर्ण बंद होतो. पत्रा मारून कायमचा बंद करायची फर्माईश होती, पण बऱ्याच ठिकाणी ते नियमात बसत नाही, आणि तो नीट बंद होत असेल तर फुल रेसला ताकद खातही नाही.

नवीन एल्बो, नवीन गॅस्केट, बूस्ट आला ०.५८. धूर निम्मा.

डिझेलच्या बाजूला फिल्टरनंतरच्या पाईपचा तुकडा पारदर्शक लावून बघितला तर रेसला बुडबुडे. हँड प्रायमरच्या आधीचा पाईप कडक होऊन चिरलेला, डिझेल गळत नव्हतं कारण तिथे दाब नसतो, ओढ असते, म्हणून बाहेर थेंब नाही पण आत हवा. पाईप, फिल्टर आणि टाकीतली जाळी झाली. नोझल टेस्टिंगला दिले: १५० बारला उघडायला हवेत ते ११० ते १२० ला उघडत होते आणि एक तर फवारा न मारता थेंब टाकत होता. नवीन नोझल टाकून शिम घालून १५० ला सेट केले, खालचे कॉपर वॉशर नवीन. जुने वॉशर कधीकधी भोकातच चिकटून राहतात आणि वर दुसरं बसतं, टॉर्च मारून बघा. बजेटमधला जवळपास एक तृतीयांश पैसा इथेच गेला, पण हा खर्च वाया जात नाही.

पंपाचं टायमिंग डायल गेजने बघितलं. मागे कधी बेल्ट बदलताना पंप नुसता खुणेवर बसवलेला, लिफ्ट (पंपाच्या प्लंजरची उचल) मॅन्युअलपेक्षा ०.२ मिलिमीटर कमी, म्हणजे डिझेल उशिरा पडत होतं. उशिरा पडलेलं डिझेल पिस्टन खाली जाताना जळतं, ढकलण्याऐवजी एक्झॉस्ट तापवतं. मॅन्युअलप्रमाणे लावलं, सकाळचा पांढरा धूरही गेला. काही जण ह्याच्या पुढे आणखी ॲडव्हान्स करतात, आवाज कडक होतो आणि गाडी तरतरीत वाटते, पण सिलेंडरमधला दाब वाढतो आणि तो हेड गॅस्केटला भोगावा लागतो. जुन्या इंजिनाला मॅन्युअलचा आकडाच बरा.

मग कुठे तो स्क्रू. पायरोमीटर लावून, माल टाकून, लांब चढावर नेलं तर टर्बोच्या आधी ७८० डिग्री सेल्सिअस. ॲल्युमिनियमचे पिस्टन असलेल्या ह्या इंजिनांना सलग ७०० च्या वर नेणं मला पटत नाही, क्षणभर गेलं तर ठीक. स्क्रू अष्टमांश आट्याच्या टप्प्याने बाहेर घेत गेलो, दर वेळी लॉकनट घट्ट, दर वेळी तोच चढ. स्क्रू फिरवला की आयडलही हलतं, बाहेर घेतला की खाली येतं, ते परत लावावं लागतं. उलट दिशेने कुणी बेफिकीर आत पिळत गेला तर आयडल चढतं आणि एका मर्यादेपलीकडे इंजिन स्वतःहून रेस घेऊन सुटतं, म्हणून हे काम घाईत करायचं नाही. शेवटी चढावर ६४० वर स्थिरावलं, धूर फक्त गिअर टाकताना एक झुळूक. डिझेल कमी केलं आणि गाडी जोरात पळायला लागली, हे मालकाच्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

टायरवर खरी वादावादी झाली. मोठे टायर ठेवायचे तर डिफरन्शियलचा क्राऊन-पिनियन ४.६ च्या आसपासचा लागेल, त्याचा खर्च बजेटच्या बाहेर. शेवटी मोठे टायर विकले आणि २२५/७० आर १५ टाकले, व्यास ६९६, मूळच्या फक्त २ टक्के वर. विकलेल्या टायरमध्ये नवीन टायरचे बरेचसे पैसे सुटले. गाडीची शोभा गेली म्हणून तो दोन दिवस धुसफुसत होता, मग भरलेली गाडी घेऊन चढावर गेला आणि फोन आला की थर्डमध्येच गेली.

परत तीच मोजणी केली, ४० ते ८० ला १७ सेकंद, म्हणजे २०.७ किलोवॅट. १४.७ वरून २०.७, आणि इंजिनात मूळच्यापेक्षा जास्त असं अजून काहीच घातलेलं नाही, फक्त गेलेलं परत आणलं.

पैसे थोडे उरले होते त्यात इंटरकूलर. माझ्या मते अशा इंजिनावर खऱ्या अर्थाने वाढीव ताकद देणारा हा एकच स्वस्त आणि सभ्य मार्ग आहे. ३० डिग्रीची हवा टर्बोने ०.६ बारला दाबली की ती तापून ९५ च्या आसपास जाते, गरम हवा विरळ. ती ५५ ला आणली तर त्याच दाबाला १२ टक्के जास्त हवा सिलेंडरमध्ये मावते आणि एक्झॉस्ट उलट गार राहतं. भंगारातून दुसऱ्या डिझेल गाडीचा इंटरकूलर आणला, आत जुनं तेल होतं ते रॉकेलने दोन-तीनदा धुवून वाळवला, पाण्यात बुडवून हवा भरून गळती तपासली आणि रेडिएटरच्या पुढे बसवला. पाईप स्टीलचे, कडांना वेल्डचा मणी ओढलेला म्हणजे होज सटकत नाही, होज सिलिकॉनचे, क्लॅम्प टी-बोल्टचे. स्वस्त क्लॅम्पने वाचणारे पैसे पहिल्याच चढावर होज उडाला की वसूल होतात. नळ्या वाढल्यामुळे ०.०५ बार दाब गेला, म्हणजे १२ पैकी साधारण ९ टक्के खरे हातात आले. तेवढ्या हवेला पुरेल इतकं, अष्टमांश आटा, डिझेल परत वाढवलं. चढावर तापमान ६८० च्या पुढे जात नाही. रेडिएटरसमोर अडथळा आला म्हणून पाण्याच्या तापमानावर मुद्दाम लक्ष ठेवलं, काटा हलला नाही, फॅनचा क्लच नीट केला होता त्याचा इथे उपयोग झाला.

शेवटची मोजणी १४.५ सेकंद, २४.३ किलोवॅट. भरलेल्या गाडीचं गणितही आता जुळतं: २९०० किलो, ६ टक्क्यांचा चढ, ६० चा वेग, नुसत्या चढाला २८ किलोवॅट आणि हवा-टायर धरून ४० च्या आसपास. गिअरबॉक्स आणि ॲक्सलमधलं नुकसान मिळवलं तर इंजिनाकडून ४५ लागतात. पूर्वी ते मिळत नव्हते, आता थर्डमध्ये थोडे शिल्लक ठेवून मिळतात.

बूस्ट ०.९ ला न्यायची मालकाची इच्छा अजून जिवंत आहे. मी नको म्हटलंय, तिसऱ्या सिलेंडरचं २४ बार डोक्यात आहे आणि जुना हेड गॅस्केट कधीचा आहे हे त्यालाही माहीत नाही. त्याआधी एक दुसरंच काम निघालं: टॉप गिअरला खालच्या आरपीएमवरून पूर्ण रेस दिली की आता इंजिन चढतं आणि गाडी तिथेच, क्लच प्लेट घसरतेय. प्लेट आधीच संपत आलेली, ताकद नव्हती म्हणून कळत नव्हतं. उरलेले पैसे त्यासाठीच राखून ठेवलेत, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग सोबतच बदलायचे, गिअरबॉक्स उतरवल्यावर फ्लायव्हीलचा पृष्ठभाग आणि मागचं ऑइल सील बघायचं. तोवर टॉपला पूर्ण रेस नाही, एक गिअर खाली टाकून ओढायचं, असं त्याला सांगितलंय. ऐकतोय की नाही ते प्लेट काढल्यावर दिसेलच.